निळ्या चादरीखालचं पाणी

"अहो, चुकून पिऊ नका हं ते!"

पाठीमागून आवाज आला आणि नेरिडा दचकली. शनिवारची सकाळ, तलावाच्या सामानाचं दुकान आणि नेहमीची रांग. ऑस्ट्रेलियातल्या इप्सविच गावातली निम्मी माणसं शनिवारी इथेच भेटतात. आपापल्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी घेऊन यायचं, दुकानातल्या शेरिलबाईंपुढे ठेवायचं, आणि त्या यंत्रात ते तपासून काय कमी, काय जास्त ते सांगणार. कुणी जॅमच्या बरणीत आणतं, कुणी बाळाच्या दुधाच्या बाटलीत. नेरिडाने जिंजर बिअरच्या तपकिरी बाटलीत आणलं होतं.

तिने वळून पाहिलं. तिच्याहून हातभर उंच एक तरुण, नाक उन्हाने सोललेलं, डोक्यावर गवताची टोपी... आणि हातात अगदी तशीच तपकिरी बाटली.

"ही बिअर नाही," ती म्हणाली. "पाणी आहे."

"माहीत आहे हो. माझ्याकडेही पाणीच आहे. पण गाडी चालवता चालवता मी विसरलो आणि एक घोट घेतला."

"तलावाचं पाणी प्यायलात?"

"खारट होतं," तो गंभीरपणे म्हणाला. "पण रडण्याइतकं नाही. अश्रू जास्त खारट असतात ना? मी वाचलंय कुठेतरी."

नेरिडाला हसू आवरेना. किती दिवसांनी अशी खळखळून हसली ती! हसता हसता तिने बाटली काउंटरवर ठेवली, त्यानेही ठेवली. तेवढ्यात शेरिलबाई ओरडल्या, "नेरिडा, बाळा, तुझी दे आधी. आणि ए राजा, तू तिला नंतर हसव, आधी रांग पुढे सरकव!"

दोन हात एकदमच पुढे झाले. बोटांना बोटं लागली. नेरिडाने गडबडून एक बाटली उचलली आणि पुढे केली.

कुठली उचलली, ते पाहिलंच नाही.

*

नेरिडा मेरल आत्याच्या घरी राहायला आली होती ती सप्टेंबरात. आत्या आणि कीथ काका निवृत्त झाल्यावर राहण्याची सोय असलेली घराएवढी लांब कॅराव्हॅन गाडीला जोडून सगळा देश बघायला निघाले. कीथ काकांनी निघताना एकच गोष्ट सांगितली. "घर पडलं तरी चालेल, पोरी. तलाव हिरवा होता कामा नये."

नेरिडा तेव्हा मान हलवून हो म्हणाली. तिला गावातल्या शाळेत पहिलीच्या वर्गावर नोकरी लागली होती आणि राहायला जागा हवी होती. तिने काकांना सांगितलं नाही की तिला पोहता येत नाही. या देशात असं कुणी सांगत नाही. इथे मूल चालायच्या आधी पाण्यात टाकतात. सव्वीस वर्षांची बाई पाण्याला घाबरते, हे कसं सांगायचं?

आणि नुसती घाबरत नव्हती ती. सहा वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला ती तलावावर अंथरलेल्या चादरीखाली गेली होती. पाणी कोमट राहावं म्हणून पसरतात ती चादर, निळी, छोट्या छोट्या हवेच्या फुगवट्यांची. कडेने पाय घसरला आणि ती खाली गेली. वर यायला गेली तर वर चादर. इकडे चादर, तिकडे चादर. सगळं निळं, आणि त्या निळ्यात हजारो गोल गोल डोळे आपल्याकडे बघताहेत असं वाटलेलं... कुणीतरी पोहण्याच्या कपड्याचा पट्टा धरून तिला बाहेर ओढलं. टॉवेलात गुंडाळलं, केकचा तुकडा हातात दिला, आणि सगळे विसरून गेले.

नेरिडा विसरली नाही.

आत्याच्या तलावावरही तशीच निळी चादर होती. ती गुंडाळायला कडेला उभं राहून रुळाचा दांडा फिरवावा लागे, आणि ओल्या चादरीचं टोक पायाशी सळसळत यायचं. ते तिला जमणार नव्हतं. म्हणून चादर पहिल्या दिवसापासून तशीच होती. पाण्याचा नमुना घ्यायला तिने बाटली पालापाचोळ्याच्या जाळीच्या लांब काठीला बांधली होती, आणि पायऱ्यांपाशी चादरीला कापलेला कोपरा होता तिथून, दूर उभं राहून, ती बुडवत असे. आधी फाटकाची कडी तपासायची. मग आत पाऊल टाकायचं. मग कुंपणाचा गज धरून थांबायचं, छातीतली धडधड जरा खाली बसेपर्यंत.

तलावाचं पाणी शुद्ध करणारं खोकं मात्र तिला आवडायचं. कुंपणाबाहेर पंपाशेजारी भिंतीवर बसवलेलं. त्यातून जाणाऱ्या पाण्यातलं मीठ वीज घेऊन क्लोरिन बनवतं. क्लोरिन पाण्यातली घाण मारतं, उरलेलं क्लोरिन ऊन पिऊन टाकतं, आणि शेवटी पुन्हा त्याचं मीठच होतं. मीठ संपत नाही, नुसतं रूप बदलून फिरत राहतं. वर्गात तिने मुलांना हे सांगितलं तेव्हा मुलं थक्क झाली होती.

"मिस, म्हणजे मीठ कामाला जातं आणि संध्याकाळी घरी येतं?" छोट्या एल्सीने विचारलं होतं.

"अगदी तसंच, एल्सी."

एल्सी. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले, आणि पाण्याचं नाव काढलं की डोळे मोठे. नोव्हेंबरच्या शेवटी वर्गाचा पोहण्याचा आठवडा होता. तो जाहीर झाला त्या दिवशी सगळी मुलं नाचत घरी गेली, पण एल्सी दाराशी थांबली.

"मिस, तुम्ही येणार ना पाण्यात? कडेला नाही. पाण्यात."

तिचा हात थंडगार होता. नेरिडाला तो हात ओळखीचा वाटला, सहा वर्षांच्या वयातला आपलाच. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "येईन. मी पाण्यात असेन, एल्सी. वचन."

त्या रात्री नेरिडा झोपली नाही.

*

शेरिलबाईंच्या यंत्रातून निघालेल्या कागदावर लिहिलं होतं, क्लोरिन जवळजवळ नाही, मीठ कमी. मिठाचं पोतं टाका, खोकं पूर्ण जोरावर लावा.

नेरिडाला नवल वाटलं. गेल्या आठवड्यात तर सगळं ठीक होतं. पण यंत्र खोटं कशाला बोलेल? तिने पोतं पायाने ढकलत ढकलत तलावाच्या कडेपर्यंत नेलं, डोळे अर्धे मिटून फाडलं आणि पळत फाटकाबाहेर आली. खोक्याचा खटका पूर्ण फिरवला. चादर... चादर राहू दिली.

बुधवारी दुपारी पायऱ्यांपाशी गेली तर नाकात काहीतरी झोंबलं. तिने नमुना काढला, चाचणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं व्हायचं ते गडद नारिंगी झालं. कडक चहासारखं. म्हणजे क्लोरिन भलतंच वाढलं होतं.

आपण काय केलं हे? कुणाचं मूल या पाण्यात उतरलं असतं तर? तेवढ्यात फोन वाजला.

"नेरिडा, बाळा, शेरिल बोलतेय. घाबरू नकोस हं."

असं म्हटल्यावर कोण घाबरत नाही?

"माझ्यापुढे एक महाशय उभे आहेत. शनिवारी मी त्यांना सांगितलं, तलाव एकदम छान, काही करू नका, उलट खोकं थोडं कमी करा. आता त्यांचा तलाव वाटाण्याच्या सूपसारखा झालाय. मी म्हटलं, हे पाणी तुमचं नव्हतंच. तू पुढे केलेल्या बाटलीत यांचं पाणी होतं गं!"

मागून पुरुषाचा आवाज आला. "तिला सांगा, तिचं पाणी फार सुंदर होतं!"

"गप्प बसा हो!" शेरिलबाई म्हणाल्या. "हे बघ, खोकं आत्ताच्या आत्ता बंद कर. पोहू नकोस. आणि याला पाठवू का मदतीला? चांगल्या घरचा आहे. आईला ओळखते मी."

*

त्याचं नाव कॅलम टेट. नगरपालिकेचं फिरतं वाचनालय चालवायचा, म्हणजे पुस्तकांनी भरलेली मोठी गाडी घेऊन गल्लोगल्ली जायचा. आई कंबरेचं नवं हाड बसवून घ्यायला इस्पितळात होती आणि घर त्याच्या ताब्यात होतं.

"आईला सापाची भीती नाही, चोराची नाही," फाटकाशी उभा राहून तो म्हणाला, "पण हिरवं पाणी बघितलं तर ती नवी कंबर मोडून घेईल. म्हणून तुमच्या... तुझ्या म्हणू का? आपण एकमेकांचं पाणी वापरलंय, आता काय तुम्ही-तुम्ही."

"म्हण," नेरिडा म्हणाली. कान गरम झाले होते.

त्याने खिशातून कागदात गुंडाळलेले लॅमिंग्टन काढले, नारळात घोळवलेले चॉकलेटचे चौकोनी केक. एक जरा चेपला होता. चेपलेला त्याने स्वतः घेतला. मग सरळ तलावापाशी गेला आणि चादरीचा दांडा फिरवू लागला.

नेरिडा कुंपणाबाहेरच राहिली. निळी चादर सळसळत, गुरगुरत गुंडाळली जात होती. तिने गज घट्ट धरला.

"हीच खरी चूक," तो फिरवता फिरवता म्हणाला. "खोकं जोरावर आणि वर चादर. शेरिलबाईंनी मला चांगलं झापलं, म्हणजे आता मला सगळं येतं. क्लोरिनला ऊन खातं. चादर असली की ऊन पोचत नाही. झाकून ठेवलं की वाढतच जातं."

नेरिडाने नजर चादरीवरून खाली आपल्या पायांकडे वळवली.

"आता खोकं बंद, चादर बाजूला. उन्हाला जेवू दे दोन दिवस." तो वळला. "तू आत नाही येत?"

"इथून... छान दिसतं."

त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. गजावर पांढरी पडलेली बोटं. मग त्याने उरलेला लॅमिंग्टन गजांमधून तिच्याकडे सरकवला.

*

तो रोज संध्याकाळी येऊ लागला. पाणी बघायला, असं तो म्हणायचा. नारिंगीचं गडद पिवळं झालं, गडद पिवळ्याचं फिकं पिवळं. कुंपणालगतचा नीलमोहोर फुलून आला होता आणि त्याची जांभळी फुलं पाण्यावर टपटपत. कॅलम जाळीने ती काढायचा आणि फाटकाबाहेर बसलेल्या नेरिडाशी बोलायचा. वाचनालयात येणाऱ्या एका आजोबांबद्दल, जे एकच पुस्तक पुन्हा पुन्हा नेतात आणि दर वेळी म्हणतात, "शेवट वाचायची भीती वाटते हो." आईबद्दल, जी इस्पितळातून फोन करून विचारते, पाणी निळं आहे ना?

"मग तू काय सांगतोस?"

"सांगतो, आई, निळं आहे. कुणाचं ते सांगत नाही."

एक दिवस मात्र तो जाळी टेकवून तिच्यासमोर येऊन बसला. मधे कुंपणाचे गज.

"एक विचारू? रागावू नकोस. या गल्लीतलं सगळ्यात चांगलं पाणी तुझं. पण इथून एकदाही पाण्याचा आवाज ऐकू येत नाही. शेजारच्या काकूही म्हणाल्या."

"मी पहाटे पोहते."

"पहाटे. अच्छा. आणि नमुना घ्यायच्या बाटलीला एवढी लांब काठी बांधलीय, ती... मासे पकडायला?"

नेरिडाने हसायचा प्रयत्न केला. हसू निम्म्यातच विरलं आणि डोळे भरून आले. मग सगळं बाहेर आलं. वाढदिवस, चादर, ते हजारो गोल डोळे, केकचा तुकडा. आणि एल्सीचा थंडगार हात.

"मी तिला वचन दिलंय, कॅलम. आणि माझ्याच्याने फाटकाच्या आत धड उभं राहवत नाही. त्या दिवशी ती माझ्याकडे बघेल आणि मी कडेला उभी असेन. तिला कळेल की मोठी माणसं खोटं बोलतात. मग ती आयुष्यात कुणाचा हात धरून पाण्यात उतरणार नाही. मला माहीत आहे ना ते. मी स्वतः कुठे उतरले?"

ती वाट बघत होती, आता हा हसेल. नाहीतर म्हणेल, अगं, त्यात काय एवढं! सगळे असंच म्हणतात.

कॅलम उठला. पाठ फिरवून तलावाकडे चालू लागला. नेरिडाला वाटलं, संपलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बादली होती, तलावाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. त्याने ती कुंपणाबाहेर आणून तिच्या पायाशी ठेवली. पाण्यावर नीलमोहोराचं एक फूल तरंगत होतं.

"तू तलावात जाऊ नकोस," तो म्हणाला. "तलाव थोडा बाहेर आलाय. पाय घालून बघ... वाटलं तर. नाही वाटलं तर मी कपडे धुतो यात."

तिने कितीतरी वेळ बादलीकडे पाहिलं. मग चप्पल काढली. अंगठा लावला. काढला. पुन्हा लावला. पाणी कोमट होतं, उन्हाने तापलेलं. जांभळं फूल तिच्या घोट्याला येऊन चिकटलं.

"कसं वाटतंय?"

"भीती वाटतेय."

"वाटू दे की. पाय आहेत ना आत?"

पाय आत होते. आणि त्याचा हात बादलीच्या कडेवर होता, तिच्या हातापासून वीतभर. ती वीत कुणीच ओलांडली नाही. पण त्या रात्री नेरिडा त्या वीतभर अंतराचाच विचार करत राहिली, आणि नेहमी पडणारं चादरीचं स्वप्न पहिल्यांदाच पडलं नाही.

बादली रोज भरू लागली. मग बादली फाटकाच्या आत गेली. मग तलावापासून दोन हातांवर. पण त्यापुढे नाही. पायरीवर पाऊल ठेवायला गेली की श्वास कोंडायचा, कानात घोंघावायचं, आणि ती मागे पळायची. पोहण्याचा आठवडा मात्र मागे पळत नव्हता. तो रोज जवळ येत होता.

*

आत्याचा फोन आला तो एका रविवारी. "नेरिडा, तिकडे गारा येणारेत म्हणे. चादर घाल गं, नाहीतर नीलमोहोर सगळा पाण्यात येईल. आणि खोकं कमी कर हं."

चादर घालायला दोरी ओढली की पुरतं. नेरिडाने दुरूनच ओढली. खोकं कमी केलं. दुपारी आभाळ हिरवट-काळं झालं. या भागात आभाळाला हिरवी झाक आली की माणसं गाड्या छपराखाली घेतात. मग आल्या गारा, लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की दुसरं काही ऐकू येईना. आणि त्या आवाजात एक मोठा कडकडाट... नीलमोहोराची जाड फांदी तुटून तलावावर कोसळली.

गारा थांबल्या तरी पन्हळीतून पाणी धो धो कोसळत होतं. नेरिडा बाहेर धावली. खोक्यावर लाल दिवा लुकलुकत होता. फांदीमुळे चादरीचं टोक भिंतीतल्या पाणी ओढण्याच्या तोंडात कोंबलं गेलं होतं आणि पंपात पाणी येत नव्हतं. पाणी वाहत नसेल तर खोकं चालू ठेवायचं नाही, नळीत वायू साठतो, हे शेरिलबाईंनी दहादा बजावलं होतं. तिने खोकं बंद केलं, पंप बंद केला, आणि भिंतीवरचा मुख्य खटकाही पाडला.

तेव्हा तिला चिरका आवाज ऐकू आला. फांदीच्या ढोलीतून एक पॉसम बाहेर आला होता. मांजराएवढा, मोठ्या डोळ्यांचा, ओला. चादर फांदीच्या वजनाने हळूहळू बुडत होती आणि तो डहाळीच्या टोकाला सरकत होता.

"नेरिडा! तू ठीक आहेस ना?"

कॅलम. टोपी नव्हती, कपाळावर गारेचं टेंगूळ. असल्या गारांत घरातून निघाला होता वेडा!

"मी ठीक आहे. पण तो बघ..."

"वीज?"

"सगळी बंद केली."

"शाब्बास!" म्हणत त्याने बूट काढले आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. चादर बाजूला सारत, फांदीपर्यंत. "ये राजा, ये. घाबरू नकोस. काका चांगले आहेत."

पॉसमला ते पटलं नाही. त्याने झेप घेतली ती थेट कॅलमच्या डोक्यावर. कॅलम ओरडला, वाकला. पॉसम त्याच्या पाठीवरून उडी मारून काठावर आला आणि कुंपण चढून पसार झाला. फांदी कलंडली. निळी चादर एकदा उचलली गेली आणि खाली बसली.

कॅलम वर आला नाही.

"कॅलम?"

नुसता पन्हळीचा आवाज. फांदीची पानं. निळी चादर. चादर एकदा हलली... आणि स्थिर झाली.

"कॅलम!"

नेरिडाला नंतर कधीच आठवलं नाही, फाटकापासून पायरीपर्यंत ती कशी गेली. आठवली ती फक्त पाण्याची पहिली थंड चपराक, आणि मग डोक्यावर चादर. निळं. सगळीकडे निळं, आणि हजारो गोल डोळे. ती किंचाळणार होती, पण पाण्यात किंचाळता येत नाही. तिने हात पुढे केले. डहाळ्या, पानं, जांभळी फुलं... मग कापड. सदरा! तिने दोन्ही मुठींनी तो धरला आणि सगळा जीव एकवटून वर ओढला.

"अगं... अगं, बटणं तुटतील! मी उभा आहे!"

चादर त्यांच्या डोक्यांवर तंबूसारखी उचललेली. त्या तंबूत कॅलम, एका हाताने ओरबाडलेला डोळा धरून, खोकत, ठसकत उभा. पाणी त्याच्या बरगड्यांपर्यंत.

"मला वाटलं..." तिला बोलता येईना. "तू वर आला नाहीस... हाक मारली मी, किती हाका मारल्या..."

"काही ऐकू आलं नाही गं. त्या लबाडाने डोळ्यात नख मारलं, मी तो चोळत..." आणि मग तो थांबला. डोळ्यावरचा हात खाली आला. "नेरिडा. तू पाण्यात आहेस."

तिने खाली पाहिलं. पाणी छातीपर्यंत होतं. फक्त छातीपर्यंत. तिचे पाय तळाला टेकले होते. ती उभी होती, त्याच चादरीखाली.

मग ती थरथरू लागली, दात वाजेपर्यंत. कॅलम विनोद करेल असं तिला वाटलं. त्याने केला नाही. त्याने एका हाताने चादर दूर लोटली. वर ओलं आभाळ, ढगांच्या फटीतून आलेलं ऊन. दुसरा हात त्याने तिच्यापुढे धरला, नुसता धरला. घ्यायचा की नाही ते तिच्यावर.

या वेळी मधे वीतभरही अंतर उरलं नाही.

"बाहेर जायचं?" त्याने हळूच विचारलं.

"थांब जरा." तिने श्वास घेतला. तोंडात पाण्याची चव होती. "खरंच... रडण्याइतकं खारट नाही."

"मी सांगितलं नव्हतं? प्यायलोय मी."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "भीती गेलेली नाही हं माझी. तुला वाटेल, आता झालं. पण ती आहे. आत्ताही आहे."

"असू दे."

"तूही... असशील?"

कॅलमने ओले केस तिच्या कपाळावरून मागे सारले. "मी तर शनिवारपासूनच आहे," तो म्हणाला. "त्या रांगेतल्या शनिवारपासून. आईचा तलाव केव्हाच निळा झालाय, नेरिडा. पंधरा दिवस मी इकडे काय पाणी बघायला येत होतो?"

*

पोहण्याच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी गावच्या तलावावर नुसता कलकलाट होता. टोप्या, टॉवेल, नाकांवर उन्हापासून वाचवणारं पांढरं मलम. मुलं बेडकांसारखी उड्या मारत होती. एल्सी मात्र काठावर बसली होती, गुडघे हनुवटीला लावून.

नेरिडा पाण्यात होती. कडेला नाही. पाण्यात. कुंपणापलीकडे वाचनालयाची गाडी उभी होती, आणि तिच्या पायरीवर एक उंच माणूस हातातलं पुस्तक उलटं धरून वाचत होता.

"मिस," एल्सी म्हणाली, "खोल आहे?"

"माझ्या छातीपर्यंत. बघ, मी उभी आहे."

एल्सीने एक पाय सोडला. मग दुसरा. मग डोळे घट्ट मिटून दोन्ही हात नेरिडाच्या गळ्यात टाकले आणि काठ सोडला. नेरिडाने तिला छातीशी धरलं.

थोड्या वेळाने एल्सीने डोळे उघडले. तिने कान नेरिडाच्या छातीला लावला आणि नवलाने वर पाहिलं.

"मिस! तुमचं किती धडधडतंय! तुम्हाला पण भीती वाटते?"

"हो," नेरिडा म्हणाली. "खूप."

एल्सीने क्षणभर विचार केला. मग नेरिडाच्या गळ्यातली मिठी आणखी घट्ट केली.

"मग मी धरते तुम्हाला," ती म्हणाली. "सोडणार नाही हं."